मुरूडचे अण्णासाहेब

नागभीड हे जंक्शनचे गाव. गोंदियाची, चांद्याची आणि 2019 साली थांबलेली नागपूरची छोटी गाडी येथेच मिळत असे. चाकरीनिमित्त परगावी गेलेले आपले कितीतरी ज्ञातिबांधव दिवाळीस याच स्थानकावर उतरले आणि त्यांना घ्यावयास घरचे कोणी ना कोणी उभे असे. परंतु गावी येऊनही ज्यास स्वतःच्या घराचा उंबरठा मोकळा राहिला नाही, अशा एका थोर पुरुषाचे, कै. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे, चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अण्णासाहेबांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी कोकणात शेरवली येथे आजोळी झाला; घर मात्र दापोली तालुक्यातील मुरूडचे. घरची स्थिती बेताची. परीक्षेसाठी सोबत्यांसह कुंभार्ली घाट पायी ओलांडून ते साताऱ्यास गेले, तो वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेस बसूच दिले नाही! पुढे मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 साली ते पदवीधर झाले. मिळवते होताच गावाचा विसर पडला नाही. प्राप्तीतील अल्पसा भाग प्रत्येकाने गावाकरिता द्यावा, म्हणून त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला.

1891 साली पत्नी राधाबाई निवर्तल्या व त्याच वर्षी ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. त्यांचे जिवलग स्नेही नरहरपंत जोशी यांची भगिनी गोदूबाई बालपणीच विधवा झालेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिली विद्यार्थिनी. 11 मार्च 1893 रोजी पुण्यास हा विवाह झाला.

झाडीपट्टीतील बहुतेक शेतकरी व कारागीर ज्ञातींत विधवेचा पाट लावण्याची चाल पूर्वापार असल्यामुळे आपल्या वाचकांस यात विशेष ते काय, असे वाटेल. मुरूडास तसे वाटले नाही. ग्रामस्थांची सभा भरली व कर्व्यांस वाळीत टाकण्याचे ठरले. घरच्यांनी त्यांस थारा दिल्यास त्यांच्यावरही तोच प्रसंग येणार होता. मायेची माणसे गावातच, परंतु त्यांच्या पंगतीस बसणे म्हणजे त्यांनाच संकटात लोटणे! हा पेच मोठा कठीण. ज्या सोबत्यांबरोबर घाट चढला, ज्या गावासाठी फंड काढला, तेथेच परक्यासारखे वावरावयाचे.

अण्णासाहेबांनी गावाशी वैर धरले नाही, आणि माघारही घेतली नाही. 1896 साली अनाथ बालिकाश्रम स्थापिला. तो पुढे पुण्यानजीक हिंगण्यास झोपडीत नेला. कॉलेजातील काम आटोपून तेथवर ते पायी जात. 1916 साली महिला विद्यापीठ उभे राहिले. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई, सर्वांच्या ‘बाया’ झाल्या.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा व्हावयास 2016 साल उजाडले. वाळीत टाकण्याचा अधिकार ज्ञातिसंस्थांनी किती सहज वापरला, हे आपल्यासारख्या मंडळानेही लक्षात ठेवावयास हवे.

1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आत्मवृत्ता’त अण्णासाहेबांनी आपली जीवनकथा सांगितली. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. मुरूडात आज त्यांचे स्मारक आहे.