डॉ. हरिसिंग गौर : न्यायाची वाट जवळ करणारा लोकप्रतिनिधी

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे मला सांगण्यात आले. थोर स्त्रियांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. या वेळी मी एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे. ते आपल्या प्रांताच्या विधिमंडळी जीवनात फार मोठे होते, पण आपल्या घरांत त्यांचे नाव क्वचितच निघते. ते म्हणजे डॉ. सर हरिसिंग गौर.

गौरांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७० रोजी सागर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती, पण बुद्धी तल्लख. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकून ते विलायतेस गेले आणि केंब्रिजचे शिक्षण पुरे करून बॅरिस्टर झाले. परत आल्यावर त्यांना सरकारी अधिकाऱ्याची जागा मिळाली ती आपल्या भंडाऱ्यास. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. त्यापूर्वी नवेगाव बांध भंडारा जिल्ह्यातच होते, म्हणून भंडाऱ्याचे नाव आले की मला ते आपलेच वाटते. नोकरीत मात्र त्यांचे मन रमले नाही. थोड्याच दिवसांत ती सोडून त्यांनी वकिली पत्करली. रायपूर, नागपूर असे करीत त्यांची कीर्ती थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचली. मालमत्तेच्या हस्तांतराचा कायदा, दंडविधान आणि हिंदू कायदा यांवरील त्यांचे ग्रंथ देशभरच्या वकिलांच्या मेजावर असत. १९१८ पासून काही वर्षे ते नागपूर नगरपालिकेचे अध्यक्षही होते.

१९२१ च्या आरंभी दिल्लीत नवी मध्यवर्ती विधानसभा सुरू झाली आणि गौर तिचे सभासद झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांनी एक ठराव मांडला. हिंदुस्थानातील दाव्यांचा शेवटचा निकाल हिंदुस्थानातच लागावा आणि त्यासाठी येथे एक सर्वोच्च न्यायालय स्थापन व्हावे, असा त्याचा आशय होता.

आज आपल्याला ही मागणी साधी वाटेल. पण त्या काळची स्थिती डोळ्यांपुढे आणा. हायकोर्टाचा निकाल मान्य नसेल तर अपील लंडनला. कागदपत्रे छापून बोटीने पाठवायची, तिकडचा वकील लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. ज्याच्या गाठी पैसा, त्याचेच अपील. गरीब पक्षकाराने निकाल जिंकला तरी श्रीमंत प्रतिपक्षाने लंडनला जाण्याची नुसती भीती घातली की त्याचे धाबे दणाणे. आपण तळ्याकाठची माणसे आहोत. बांधात पाणी कितीही असो, पाट शेवटच्या बांधीपर्यंत पोचला नाही तर त्या बांधीतले धान वाळणारच, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. न्यायाचेही तसेच आहे.

मला गौरांचे विशेष कौतुक वाटते ते असे. प्रिव्ही कौन्सिलमध्ये काम चालविणाऱ्या बॅरिस्टरास ती व्यवस्था तशीच राहण्यात लाभ होता. तरी ती बदलण्याची मागणी त्यांनीच केली.

ठरावाला विरोधही मोठमोठ्यांचा झाला. सरकारने प्रांतांची मते मागविली आणि ती एकसारखी आली नाहीत. १९२५ साली गौरांनी विषय पुन्हा सभेपुढे आणला, तेव्हा पंडित मोतीलाल नेहरूंसारखे राष्ट्रीय पक्षाचे धुरंधर विरोधात उभे राहिले. त्या काळी पुष्कळांना अशी शंका वाटे की परक्या सरकारच्या हाताखाली येथे नेमलेले न्यायाधीश लंडनच्या न्यायाधीशांइतके निःस्पृह राहतील काय? ही शंका पोकळ होती, असे मी म्हणणार नाही. न्यायालय जवळ असणे आणि ते स्वतंत्र असणे, दोन्ही हवे. ठराव फेटाळला गेला, पण प्रश्न एकदा सभेच्या दप्तरी लागला तो पुन्हा पुसला गेला नाही.

आता आपल्या अधिक जिव्हाळ्याचा विषय. त्या काळी स्त्रीला वकिली करता येत नसे. १९१६ साली कलकत्त्यास रेजिना गुहा यांचा अर्ज हायकोर्टाने नाकारला आणि १९२१ साली पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांचाही नाकारला. दोघींनी कायद्याची पदवी घेतलेली होती. कायद्यातील पुल्लिंगी शब्दात स्त्रीचाही समावेश होतो, हा सर्वसाधारण नियम पुस्तकात असताना वकिलांच्या बाबतीत तो लागू नाही, असे ठरविण्यात आले. नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींची कथा तर मनाला चटका लावणारी आहे. १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊनही त्यांना जवळजवळ तीस वर्षे रीतसर वकील म्हणून मान्यता मिळाली नाही. त्या काळात पडद्यातील विधवांच्या आणि अज्ञान वारसांच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचे काम त्या करीत राहिल्या. पडद्यामागच्या स्त्रीने आपले दुःख परक्या पुरुषापुढे कसे मांडावे? स्त्री वकील असणे ही सोय नव्हती, गरज होती.

१९२१ मध्ये अलाहाबादने सोराबजींना प्रवेश दिला, पण एका हायकोर्टाची मर्जी म्हणजे देशाचा कायदा नव्हे. गौरांनी १९२२ साली हा प्रश्न विधानसभेत उचलून धरला आणि १९२३ साली स्त्री वकिलांचा कायदा झाला. केवळ स्त्री आहे म्हणून कोणासही वकिलीपासून दूर ठेवता येणार नाही, एवढेच त्याचे सार. लवकरच मुंबई हायकोर्टात मिठन टाटा (पुढे मिठन लाम) वकील म्हणून उभ्या राहिल्या. त्याच १९२३ साली गौरांच्या प्रयत्नाने विवाहाच्या कायद्यातही दुरुस्ती झाली. हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपला धर्म नाकारल्याचे लिहून न देता आपसांत नोंदणी विवाह करता येऊ लागला.

सर्वोच्च न्यायालयाची वाट मात्र लांब होती. १९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट आले आणि आपले बॅ. मुकुंदराव जयकर त्याचे एक न्यायाधीश झाले. तरी लंडनचे अपील चालूच होते. ते कायद्याने संपले १९४९ च्या ऑक्टोबरात. गौर तेव्हा घटना समितीचे सभासद होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, त्यांच्या ७९ व्या वाढदिवशी, घटना मंजूर झाली. पुढे महिन्याभरातच, २५ डिसेंबर रोजी, ते निवर्तले. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि दोन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले. २९ वर्षांपूर्वी ज्याची मागणी केली, ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आपली कमाई त्यांनी विद्येला दिली. दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होते आणि नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. १९४६ साली स्वतःच्या पैशाने त्यांनी सागरला विद्यापीठ काढले. ते आज त्यांच्याच नावाने चालते.

१९८९ साली न्या. फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. १९२१ व १९२३ च्या दोन्ही वाटा त्या दिवशी एकत्र आल्या, असे मला वाटते. पण काम पुरे झालेले नाही. सातबारावर नाव लावून घेण्यासाठी, पोटगीसाठी, भावांबरोबरच्या वाटणीसाठी आपल्यातील कितीतरी जणी अजूनही कोर्टाची पायरी चढायला बिचकतात आणि वाटेतच माघार घेतात. अशा बहिणीसोबत मंडळातील कोणी तारखेला गेली, किंवा गावातली एखादी मुलगी कायदा शिकायला निघाली असता तिच्या घरच्यांची आपण समजूत घातली, तर गौरांचे काम आपण थोडेसे पुढे नेले असे होईल.