अर्नेस्ट एमरी कॉडमन

अर्नेस्ट एमरी कॉडमन (३० डिसेंबर, १८६९ - २३ नोव्हेंबर, १९४०) हे बॉस्टन येथील अमेरिकन शल्यचिकित्सक होते. हाडांच्या कर्करोगाच्या क्ष-किरण चित्रात दिसणारा 'कॉडमन त्रिकोण' त्यांच्या नावाने ओळखला जातो.

१८९५ मध्ये ते हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लागला आणि कॉडमन या नव्या तंत्राकडे लगेच वळले. क्ष-किरणांमुळे होणाऱ्या भाजण्याच्या घटनांचा आढावा त्यांनी १९०२ मध्येच प्रसिद्ध केला.

प्रत्येक रुग्णाचा उपचारानंतर पाठपुरावा करावा आणि अपयशाचे कारण उघडपणे नोंदवावे, असा त्यांचा आग्रह होता. १९११ ते १९१६ या काळात स्वतःच्या छोट्या रुग्णालयातील ३३७ रुग्णांच्या नोंदींत त्यांनी १२३ चुका मान्य करून छापल्या. सहकाऱ्यांना हे रुचले नाही. १९१५ मध्ये एका सभेत त्यांनी बॉस्टनच्या वैद्यकविश्वाची खिल्ली उडवणारे व्यंगचित्र मांडले आणि स्थानिक वैद्यकीय संस्थेतील पद गमावले.

१९२० च्या सुमारास त्यांनी हीच पद्धत हाडांच्या सार्कोमाला लावली. हा रोग इतका विरळा की एका शल्यचिकित्सकाला आयुष्यात मोजकेच रुग्ण दिसत. त्यामुळे गाठ घातक आहे की नाही, अवयव कापावा की वाचवावा, याचा निर्णय अपुऱ्या अनुभवावर घेतला जाई. जेम्स युइंग आणि जोसेफ ब्लडगुड यांच्यासह कॉडमन यांनी नोंदवही सुरू केली. ठिकठिकाणचे डॉक्टर क्ष-किरण चित्रे, गाठीचे सूक्ष्मदर्शकीय नमुने आणि रुग्णाचा पुढील वृत्तान्त तिच्याकडे पाठवीत. चित्र, नमुना आणि परिणाम प्रथमच शेजारी ठेवून तपासता येऊ लागले.

वेगाने वाढणारी गाठ हाडावरील पातळ आवरण वर उचलते. उचललेल्या कडेला नवे हाड तयार होते आणि चित्रात त्रिकोणी छटा उमटते. तिचे वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ हुगो रिबर्ट यांनी आधीच केले होते. नाव मात्र कॉडमन यांचे रूढ झाले. ही खूण केवळ कर्करोगाची नव्हे, हाडातील जंतुसंसर्गातही ती आढळते. म्हणूनच आजही ऊतीची तपासणी केल्याशिवाय निदान निश्चित मानत नाहीत. गाठ हाडाच्या मज्जेत व भोवतालच्या स्नायूंत किती पसरली आहे, हे आता एमआरआयवर पाहिले जाते.

खांद्याच्या विकारांवरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये प्रकाशित झाला. कॉडमन यांचा मृत्यू मेलॅनोमा या कर्करोगानेच झाला. माउंट ऑबर्न दफनभूमीतील त्यांच्या जागेवर २०१४ पर्यंत नावाचा दगड नव्हता.