सैन्याने नेमलेला सेनापती

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे घालविलेला छात्र जेव्हा दीक्षान्त संचलनासाठी मैदानावर उतरतो, तेव्हा त्याच्या आईवडिलांना तो ओळखू येत नाही असे म्हणतात. केशकर्तन, गणवेष, पहाटेची कवाईत, वरिष्ठांची शिक्षा, आणि शेवटी संचलन अशा एकेका पायरीने घरचा मुलगा मागे पडतो आणि सैनिक पुढे येतो. जगातील सर्व सैन्यांत असे संस्कार आहेत, आणि ते निरर्थक नाहीत. उद्या जो इतरांना मृत्यूच्या तोंडी जाण्याची आज्ञा देणार आहे, त्याने ते कष्ट आधी स्वतः भोगलेले असावेत, हा त्यांचा अर्थ आहे.

याच प्रबोधिनीच्या पश्चिमेला, डोंगरांपलीकडे मुळशीचे खोरे आहे. तेथे एका नि:शस्त्र सैन्याने आपला सेनापती नेमला. त्या सेनापतीने कोणत्याही प्रबोधिनीत शिक्षण घेतले नव्हते. आज पुण्यात आणि मुंबईत त्याच्या नावाचे रस्ते आहेत. परंतु ही पदवी त्याला कोणी दिली, असा प्रश्न वर्गात विचारला तर विद्यार्थी बहुधा गप्प राहतात. काहींना ते पेशव्यांचे सरदार वाटतात. म्हणून पांडुरंग महादेव बापट यांचे चरित्र पुन्हा एकदा आठवणे आवश्यक आहे.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. डेक्कन कॉलेजातून शिक्षण घेऊन ते शिष्यवृत्तीच्या आधारे एडिंबरोला अभियांत्रिकी शिकण्यास गेले. हिंदुस्थानातील इंग्रजी राज्यावर तेथे केलेल्या जाहीर टीकेमुळे ती शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनमधील क्रांतिकारकांशी संबंध, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून घेतलेली बाँबची विद्या, १९०८ मधील पुनरागमन, अलीपूरच्या खटल्यानंतरचा अज्ञातवास आणि १९१२ मध्ये इंदूरला झालेली अटक, हा क्रम परिचित आहे. पुरेशा पुराव्याअभावी ते सुटले. येथवरचे चरित्र त्या पिढीतील इतर क्रांतिकारकांच्या चरित्राहून फारसे वेगळे नाही.

वेगळेपण पारनेरला परतल्यावर दिसू लागते. बाँबची कृती शिकून आलेल्या या उच्चवर्णीय पदवीधराने हातात झाडू घेतला आणि गावचे रस्ते झाडण्यास आरंभ केला. १९१४ मध्ये मुलाच्या बारशाला त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना पहिल्या पंगतीला बसविले. बारसे हा बालकाचा संस्कार. येथे तो पित्याचाही झाला. जात, पदवी आणि प्रतिष्ठा हा आपला जुना गणवेष त्यांनी सर्वांसमक्ष उतरवून ठेवला. मुळशीच्या शेतकऱ्यांनी पुढे ज्याच्यावर विश्वास टाकला, तो माणूस येथे घडला.

मुळशीचा प्रश्न प्रथमतः अर्थशास्त्राचा होता. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे, पूर्वेकडे वाहणारे पाणी बोगद्यातून पश्चिमेला कोकणात भिऱ्याकडे उतरवावयाचे आणि त्यावर निर्माण होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, अशी टाटांच्या कंपनीची योजना होती. तीसाठी ५० हून अधिक गावांतील सुमारे ११,००० लोकांच्या जमिनी व घरे पाण्याखाली जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार कंपनीच्या पाठीशी होते. आंबेमोहोर पिकविणाऱ्या या खाचरांपैकी पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली वा गहाण पडलेली होती. मोबदला कागदावरच्या मालकाला मिळतो, कसणाऱ्याला नव्हे. त्यामुळे नुकसानभरपाई वाढवून घेण्यात सावकाराचे हित, तर जमीन राखण्यात मावळ्याचे हित, असा विरोध एकाच चळवळीच्या पोटात होता. देशाचा फायदा आणि गावाचा तोटा यांची बेरीज एकाच वहीत मांडता येत नाही, हा धडा मुळशीने शंभर वर्षांपूर्वी दिला.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १,२०० मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. तडजोडीने काही महिन्यांची तहकुबी मिळाली. पण त्या वर्षअखेर काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही. पुरुषांबरोबर स्त्रियाही तुरुंगात गेल्या. बापटांना एकामागून एक शिक्षा झाल्या; सुटावे आणि पुन्हा पकडून घ्यावे, असा क्रम चालला. याच लढ्यात लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. त्यामागे ना सनद होती ना दरबार. आघाडीवर पहिला वार जो घेतो तो आपला नायक, एवढा साधा निकष त्या शेतकऱ्यांनी लावला. सैन्यातील संस्कार एकदा होतो व खांद्यावरची चिन्हे कायम राहतात. बापटांना मात्र प्रत्येक अटकेने आपले पद नव्याने मिळवावे लागले.

परंतु चरित्रलेखन म्हणजे आरती नव्हे. १९२४ पर्यंत चळवळ ओसरली होती. अनेकांनी मोबदला स्वीकारला होता, पुढारी पांगले होते. सेना उरली नाही तेव्हा सेनापतीने त्या वर्षाच्या अखेरीस मूठभर सहकाऱ्यांसह शस्त्र हाती घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडविली. त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. धरण मात्र पूर्ण झाले. सैन्य पांगल्यावर सेनापतीने एकट्याने पुढे जाणे हे नेतृत्व, की वैयक्तिक प्रायश्चित्त? माझ्या मते ते दुसरे अधिक होते. पराभवाची किंमत स्वतः मोजण्याचा त्यांचा हट्ट वंदनीय आहे; पण घरदार बुडालेल्या कुटुंबाला जमीन कोठे मिळणार, कुळाचा मोबदल्यावर हक्क कसा प्रस्थापित होणार, या रुक्ष प्रश्नांचे उत्तर त्या धाडसात नव्हते. जमीन वाचविण्याखेरीज दुसरा विचारच नको, या भूमिकेमुळे पुनर्वसनाची घासाघीस मागे पडली, आणि तिचा भार अखेर दुर्बलांवर पडला.

तरीही तराजूचे दुसरे पारडे हलके नाही. १९३१ मध्ये सुटल्यावर थोड्याच काळात ते पुन्हा तुरुंगात गेले ते १९३७ पर्यंत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात त्यांच्या हस्ते राष्ट्रध्वज फडकला. एखाद्याने तेथे थांबून मानसन्मान स्वीकारले असते. पंच्याहत्तरीला आलेले बापट १९५५ मध्ये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात उतरले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही आघाडीवर राहिले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज नेतृत्वाचे शिक्षण देणारे वर्ग ठिकठिकाणी निघाले आहेत. त्यांत भाषण, नियोजन आणि व्यक्तिमत्त्व शिकविले जाते. अनुयायांच्या आधी आपण काय सोसले, हा विषय अभ्यासक्रमात नसतो. सैन्याला तो संस्कार ठाऊक आहे, म्हणून सैन्य टिकते. नागरी जीवनात मात्र आपण पद आधी देतो आणि कसोटी पुढे ढकलतो. संस्थेचा अध्यक्ष, संघटनेचा चिटणीस, लोकप्रतिनिधी यांना निवडताना मुळशीच्या त्या मावळ्यांचा निकष आपण लावून पाहावा. त्याला बापटांच्या अपयशातून शिकावयाची एक पुरवणीही जोडावी: सोसणाऱ्या नेत्याने हरण्याच्या दिवसाचीही तयारी करून ठेवली पाहिजे. मुळशीच्या जलाशयाखाली आजही जुनी खाचरे आहेत. त्या पाण्यावर वीज निर्माण होते, आणि त्या विजेच्या उजेडात आपण हे वाचतो, याचे भान असावे.