धुराचा प्रचारक, धुराचा विरोधक

आधुनिक जनसंपर्क व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांत एडवर्ड बर्नेज यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. सिगारेटच्या पाकिटातून तंबाखूबरोबर एक कल्पनाही विकता येते, हे त्यांनी दाखवून दिले. ती कल्पना लोकांच्या मनातून काढून टाकणे किती अवघड असते, याचा अनुभवही पुढे त्यांनाच आला.

२२ नोव्हेंबर १८९१ रोजी व्हिएन्नात जन्मलेले बर्नेज हे मनोविश्लेषणाचे प्रणेते सिग्मंड फ्रॉइड यांचे भाचे. त्यांच्या बालपणीच कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले. कॉर्नेल विद्यापीठातून १९१२ मध्ये त्यांनी कृषी विषयाची पदवी घेतली. पण ओढा होता तो लोकमताच्या मशागतीकडे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारच्या प्रचारसमितीत काम केल्यानंतर १९१९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला.

अमेरिकन टोबॅको कंपनीचे प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांना लकी स्ट्राइक सिगारेटसाठी महिला ग्राहक हवे होते. गोड खाण्याऐवजी सिगारेट ओढल्यास बांधा सडपातळ राहतो, हा समज प्रथम रुजविण्यात आला. स्त्रियांनी रस्त्यावर धूम्रपान करणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते. मनोविश्लेषक ए. ए. ब्रिल यांचा सल्ला घेऊन बर्नेज यांनी ३१ मार्च १९२९ रोजी ईस्टरच्या दिवशी फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींना सर्वांदेखत सिगारेट ओढण्यास उद्युक्त केले. त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली म्हटले गेले. कंपनीचे नाव पडद्याआड राहिले आणि वृत्तपत्रांनी जाहिरातीऐवजी बातमी छापली. स्त्रियांमधील धूम्रपान आधीच वाढू लागले होते. सारा दोष या एका प्रसंगाला देता येणार नाही. मात्र एका व्यसनाला मुक्तीचा अर्थ चिकटला.

बर्नेज स्वतः धूम्रपान करीत नसत. पत्नी डोरिस यांची सवय सुटावी म्हणून ते घरातील सिगारेटी मोडून फेकत, अशी आठवण त्यांच्या मुलीने सांगितली आहे. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने ११ जानेवारी १९६४ रोजी जाहीर केला. त्यानंतर बर्नेज धूम्रपानविरोधी मोहिमेत उतरले. हे धोके १९२८ मध्ये ठाऊक असते तर ते काम नाकारले असते, असे ते उत्तरायुष्यात सांगत.

मात्र १९६४ च्या त्याच अहवालाने धूम्रपानाला व्यसन न म्हणता केवळ सवय म्हटले होते. मनात आले की सिगारेट सोडता येते, या भ्रमाला त्यामुळे आधार मिळाला. निकोटिन व्यसन लावते, हे सर्जन जनरलनी अहवालात स्पष्टपणे मांडले ते १९८८ मध्ये. तरीही १९९४ मध्ये सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेससमोर शपथेवर ते अमान्य केले.

त्यानंतर वर्षभराच्या आतच, ९ मार्च १९९५ रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी बर्नेज यांचे निधन झाले. कर्करोगास मुख्यत्वे धुरातील टार व अन्य रसायने कारणीभूत असतात; निकोटिन माणसाला त्या धुराकडे पुन्हा पुन्हा खेचून आणते. बर्नेज यांच्या प्रचाराने पहिली सिगारेट हाती दिली. पुढच्या सिगारेटींसाठी प्रचाराची गरजच उरत नव्हती आणि म्हणूनच उलट प्रचाराने त्या सुटणेही सोपे नव्हते.