कै. गोपाळ गणेश आगरकर : एक सत्यनिष्ठ संपादक

विद्यार्थिमित्रांनो, सकाळीं राजापेठेंतून शाळेकडे येतांना एखादा मनुष्य वर्तमानपत्र वाचीत उभा असलेला तुमच्या दृष्टीस पडत असेल. हातांतील चहा निवण्यापूर्वींच तो चार गांवच्या बातम्या शेजाऱ्यास सांगून मोकळा होतो. छापलेलें अक्षर खरेंच असावयाचें, अशी आपली सर्वांची समजूत असते. परंतु तें खरें आहे कीं नाहीं, हें पारखून घेण्यास छापणारास कोणीं शिकविलें? वैद्य व्हावयाचें किंवा वकील व्हावयाचें तर परीक्षा द्यावी लागते; मग हजारों लोकांच्या मनांवर ज्याच्या लेखणीचा अंमल चालतो, त्या वृत्तपत्रकारास कांहीं शिक्षण नको काय? या प्रश्नाचें उत्तर ज्यांच्या चरित्रांत सांपडतें, आणि ज्यांच्या विद्यार्थिदशेचा कांहीं काळ आपल्या वऱ्हाडांतच गेला, त्या गोपाळराव आगरकरांची थोडी ओळख करून द्यावी, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

गोपाळरावांचा जन्म 14 जुलै 1856 रोजीं सातारा जिल्ह्यांत, कऱ्हाडजवळील टेंभू या लहानशा गांवीं झाला. घरीं विद्येची आवड होती, पण द्रव्याचा अभाव होता. आरंभीचें शिक्षण त्यांनीं कऱ्हाडास आजोळीं राहून केलें. पुढें मुनसफाच्या कचेरींत उमेदवारी कर, दवाखान्यांत कंपाउंडरचें काम कर, अशा रीतीनें दिवस काढावे लागले. शिकण्याच्या आशेनें ते रत्नागिरीस पायीं गेले. पण तेथें जम बसेना, म्हणून तसेच परत आले. अखेरीस आप्तांच्या आश्रयानें ते अकोल्यास येऊन पोहोंचले. येथें त्यांस विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या विद्वान गुरूचा लाभ झाला, आणि 1875 सालीं ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. याच काळांत अकोल्याहून निघणाऱ्या ‘वऱ्हाड समाचार’ पत्रांत त्यांनीं लेखन केलें. पुढें ज्या लेखणीनें सारा महाराष्ट्र हालविला, तिनें वृत्तपत्राचे पहिले धडे आपल्या वऱ्हाडांत गिरविले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

अकोल्याहून ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेले. तेथेंहि दारिद्र्यानें त्यांची पाठ सोडली नाहीं. अंगांत घालावयास सदरा एकच. तो रात्रीं धुवावा आणि सकाळीं पुन्हां घालावा, असा त्यांचा क्रम असे. 1878 सालीं ते बी. ए. झाले, आणि 1880 सालीं इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम. ए. झाले. त्या काळीं एम. ए. झालेल्या तरुणास सरकारी नोकरीचे दरवाजे सताड उघडे असत. मुलगा आतां मोठ्या पगारावर लागेल आणि आपले पांग फिटतील, अशी आशा धरून मातोश्री बसल्या होत्या. परंतु गोपाळरावांनीं त्यांस पत्र लिहून स्पष्ट कळविलें कीं, पोटापुरतें मिळेल तेवढ्यावर समाधान मानून आपण सर्व वेळ लोकांच्या हिताकडे लावणार. ज्या मातेनें हाल सोसून मुलास वाढविलें, तिला तें पत्र वाचून काय वाटलें असेल, याचा विचार आपल्या आईवडिलांकडे पाहून तुम्हीच करावा.

1880 सालच्या आरंभीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, बळवंतराव टिळक आदि मंडळींनीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें होतें. आगरकर पुढच्या वर्षीं त्यांस येऊन मिळाले. 1881 च्या जानेवारींत या मंडळींनीं ‘मराठा’ हें इंग्रजी पत्र व ‘केसरी’ हें मराठी पत्र सुरू केलें. ‘केसरी’चें संपादकत्व आगरकरांकडे आलें, तेव्हां त्यांचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें.

लवकरच त्यांच्यावर कसोटीचा प्रसंग आला. कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांस वेड लागल्याचें जाहीर झालें होतें, व त्यांचा छळ होत असल्याची बोलवा सर्वत्र पसरली होती. लोकांचीं मनें कळवळत होतीं. अशा वेळीं कांहीं पत्रें पुण्यास येऊन पोहोंचलीं. तीं कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांनीं लिहिलेलीं आहेत, असें सांगण्यांत आलें. त्यांवर भरंवसा ठेवून ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं दिवाणांवर कडक टीका केली. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि तीं पत्रें बनावट असल्याचें उघडकीस आलें! टिळक व आगरकर यांनीं चूक कबूल करून माफी मागितली. तरीहि 17 जुलै 1882 रोजीं दोघांस चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली.

विद्यार्थ्यांनो, येथें क्षणभर थांबून विचार करा. या दोघां तरुणांचा हेतु वाईट होता काय? मुळींच नाहीं. महाराजांविषयींची त्यांची चिंता अनाठायीं होती काय? तेंहि नाहीं, कारण पुढें 1883 च्या डिसेंबरांत अहमदनगर येथें, त्यांच्यावर नेमलेल्या गोऱ्या रक्षकाशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा दुर्दैवी अंत झाला. मग चुकलें तें काय? हेतु शुद्ध होता, चिंता खरी होती, पण पुरावा खोटा होता. मन कळवळलेलें असलें म्हणजे आपल्यास हवा तसा कागद खरा वाटूं लागतो. लबाड मनुष्यच खोटी बातमी पसरवितो असें नाहीं. चांगला मनुष्यहि घाईनें ती पसरवूं शकतो. म्हणूनच वृत्तपत्रकारास सदिच्छा पुरत नाहीं, पारख लागते; आणि पारख ही शिकावी लागते.

मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत या दोघां मित्रांनीं एकशें एक दिवस काढले. देशाच्या उन्नतीविषयीं त्यांचे वाद इतके रंगत कीं, रात्रीं पहारेकऱ्यांस येऊन त्यांस गप्प करावें लागे. 26 ऑक्टोबर रोजीं सुटका झाल्यावर आगरकरांनीं तुरुंगांतील दिवसांची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचें त्यांचें ‘विकारविलसित’ हें भाषांतर 1883 सालीं बाहेर आलें. 1888 सालीं त्यांनीं ‘वाक्यमीमांसा’ हें व्याकरणविषयक पुस्तक लिहिलें. जो संपादक वाक्याचा एक एक अवयव तपासून पाहतो, त्याच्या लेखांत विचाराची संदिग्धता कशी राहावी?

पुढें समाजसुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशीं त्यांचा मतभेद झाला. आपल्यास न पटणारें मत आपल्या संपादकत्वाखालीं चालूं देणें त्यांस रुचेना. म्हणून 1887 सालीं त्यांनीं ‘केसरी’ सोडला, आणि 1888 च्या ऑक्टोबरांत ‘सुधारक’ हें स्वतःचें पत्र काढलें. त्यांत मराठी व इंग्रजी असे दोन भाग असत. इंग्रजी भागाचें काम त्यांनीं गोपाळ कृष्ण गोखले या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुण शिक्षकावर सोंपविलें. नव्या लेखकावर विश्वास टाकून त्यास घडविण्याचा याहून चांगला मार्ग कोणता?

बालविवाह, विधवांचें केशवपन, स्त्रीशिक्षण यांविषयीं ‘सुधारक’ निर्भयपणें लिही. लोक इतके चिडले कीं, त्यांनीं आगरकर जिवंत असतांना त्यांची प्रेतयात्रा काढली. ईश्वरविषयक त्यांचीं मतें श्रद्धावान वाचकांस पटणारीं नव्हेत. पण त्यांच्या सचोटीपुढें विरोधकहि नमत. 1892 पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. दम्यानें शरीर पोखरलें असतांहि शिकविणें व लिहिणें त्यांनीं सोडलें नाहीं. 17 जून 1895 रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडूं नये म्हणून त्यांनीं थोडे पैसे उशाशीं बांधून ठेविले होते.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, 1897 सालीं, गोखल्यांवर तसाच प्रसंग आला. पुण्यास प्लेगच्या बंदोबस्तांत गोऱ्या शिपायांनीं अत्याचार केल्याचा मजकूर मित्रांच्या पत्रांवरून त्यांनीं इंग्लंडांत प्रसिद्ध केला. परत आल्यावर तो सिद्ध करतां येईना, तेव्हां त्यांनीं जाहीर माफी मागितली. गुरूस डोंगरीस मिळालेला धडा शिष्यासहि स्वतःच्या अनुभवानेंच शिकावा लागला.

असे धडे इतकी मोठी किंमत न देतां मिळावे, म्हणूनच वृत्तपत्रविद्येच्या शाळा निघाल्या. अमेरिकेंत जोसेफ पुलित्झर या संपादकाच्या देणगींतून 1912 सालीं कोलंबिया विद्यापीठांत अशी शाळा सुरू झाली. आपल्या शेजारीं नागपुरास हिस्लॉप कॉलेजांत 1952 सालीं वृत्तपत्रविद्येचा विभाग निघाला. पुढें जगांत अशा अनेक संस्था झाल्या. बातमी कोठून आली, सांगणारानें स्वतः पाहिलें काय, दुसरी बाजू विचारली काय, कागद खरा आहे काय, हेंच तेथें मुख्यतः शिकवितात.

मित्रांनो, आज बातमी खिशांतल्या मोबाईलमध्यें येते, आणि बोटाच्या एका स्पर्शानें आपण ती शंभर जणांस पाठवितों. म्हणजे आतां प्रत्येक घरांत एक संपादक झाला आहे! तेव्हां पालकांनीं व मुलांनीं पुढील बातमी पाठविण्यापूर्वीं डोंगरीचे एकशें एक दिवस आठवावे, आणि क्षणभर बोट आवरून आपण हें पारखलें आहे काय, असें स्वतःस विचारावें. गोपाळरावांचें खरें स्मारक तेंच होईल.