वसंतराव देशपांडे

वसंतराव देशपांडे (जन्म : २ मे १९२०, मूर्तिजापूर, मृत्यू : ३० जुलै १९८३, पुणे) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील ख्यातनाम मराठी गायक आणि गायकनट होते. आयुष्यातील सुमारे चोवीस वर्षे त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. पूर्णवेळ गायक म्हणून त्यांच्या वाट्याला आलेला काळ याहून कमी भरतो.

प्रारंभीचे जीवन

मूर्तिजापूर हे वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराचे गाव. त्या वेळच्या अकोला जिल्ह्यात आजचा वाशीम जिल्हाही मोडत असे. वसंतरावांचे बालपण मात्र नागपुरात गेले. आईने त्यांना एकटीने, अडचणीत वाढविले. तेथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांच्या संगीतशिक्षणाचा पाया घातला गेला. बालवयातच भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटात त्यांनी कृष्णाची भूमिका केली. पुढे मामांकडे लाहोरला राहत असताना असद अली खाँ यांच्याकडून त्यांना मारवा रागाची तालीम मिळाली. हाच राग पुढे त्यांच्या मैफलींची ओळख ठरला.

नोकरी आणि गायन

१९४० च्या दशकाच्या आरंभी वसंतराव पुण्यात नोकरीस लागले. मैफलीची बिदागी अनिश्चित होती आणि घर चालवायचे होते. त्यामुळे महिन्याचा पगार सोडणे शक्य नव्हते. दिवसा हिशेबाचे कागद आणि उरलेल्या वेळात रियाज, शिकवण्या, मैफली असा हा क्रम होता. याच काळात सुरेशबाबू माने आणि भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. तबला आणि हार्मोनियम या वाद्यांवरही त्यांचा हात होता.

मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल ठसा होता. एका घराण्याच्या चौकटीत न बसणारे, आक्रमक आणि अनपेक्षित वळणे घेणारे हे गाणे अनेक जाणकारांना दीर्घकाळ रुचले नाही. उपजीविका गाण्यावर अवलंबून नसल्याने श्रोत्यांच्या पसंतीसाठी गाणे बदलण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही, हा नोकरीचा एक लाभ म्हणता येईल. परंतु त्याची किंमतही मोठी होती. ऐन उमेदीची वर्षे कचेरीत गेली. मध्यंतरी ईशान्य सीमेवरील नेफा भागात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, त्यांची बदली झाली आणि पुण्याच्या संगीतविश्वाशी असलेला नित्याचा संबंधच तुटला.

नोकरीच्या काळातही त्यांनी चित्रपटांसाठी पार्श्वगायन केले. त्यांचे स्नेही पु. ल. देशपांडे यांच्या ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटात त्यांचा आवाज आहे. पु. लं.प्रमाणेच बेगम अख्तर यांनीही त्यांना केवळ गाण्याला वाहून घेण्याचा आग्रह केला. अखेर १९६० च्या दशकाच्या मध्यास, वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास, त्यांनी नोकरी सोडली.

कट्यार काळजात घुसली

पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित आणि जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत असलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला. प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने ते रंगभूमीवर आणले. मानासाठी झुरणाऱ्या खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांनी केली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. उपेक्षेची धग ठाऊक असलेल्या गायकाकडे ही भूमिका जावी, हा योग विलक्षणच होय. ‘मराठी नाट्यसंगीताची वाटचाल’ हा त्यांचा सप्रयोग कार्यक्रमही गाजला. ‘अष्टविनायक’ (१९७९) चित्रपटातील त्यांचे गीत आजही लग्नघरी, मुलीच्या पाठवणीच्या वेळी ऐकू येते.

सन्मान आणि वारसा

१९८२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. चंद्रकांत लिमये, विजय कोपरकर हे त्यांचे शिष्य. नातू राहुल देशपांडे यांनी २०२२ साली प्रदर्शित झालेल्या ‘मी वसंतराव’ या चित्रपटात आजोबांची भूमिका केली. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील सभागृहाला वसंतरावांचे नाव देण्यात आले आहे.