मंडालेतील पथ्य

रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रोज चालण्याचा हुकूम केला आणि माझी सकाळची फेरी त्या कौलारू घरावरून होऊ लागली. लोकमान्यांसारख्या डोंगराएवढ्या माणसाशी माझे साम्य ते काय असणार! पण एक आहे. मधुमेह त्यांनाही होता, मलाही आहे.

२३ जुलै १८५६ रोजी जन्मलेला हा मुलगा शाळामास्तर गंगाधरपंतांचा. १८६६ मध्ये वडिलांची पुण्याला बदली झाली आणि बाळचे कोकण सुटले. डेक्कन कॉलेजात असताना प्रकृती किरकोळ म्हणून त्याने एक वर्ष तालीम आणि पोहण्यालाच वाहिले. त्या वर्षी परीक्षा बुडाली, पण शरीर कमावले गेले. पुढच्या आयुष्याचा भार याच शरीराने पेलला.

१८९७ चा तुरुंगवास या शरीराने सोसला. २२ जुलै १९०८ रोजी राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मात्र वय बावन्न होते आणि मधुमेह जडलेला होता. नियतीचा खेळ असा, की मंडालेचा पदच्युत राजा थिबा त्या वेळी रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेच्या तुरुंगात!

मधुमेहाला तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. अन्नातली साखर रक्तात येते. ती पेशींत शिरायला स्वादुपिंडातून पाझरणारे इन्सुलिन लागते. ते अपुरे पडले, किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साठते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रोकड काउंटरवर पडून राहते, खात्यात जमा होत नाही. थायरॉईडच्या रोग्याचे नशीब त्या मानाने बरे. १८९१ मध्येच इंग्लंडात डॉ. मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यावर उपाय केला होता. मधुमेह्याच्या हाती मात्र केवळ पथ्य होते.

लोकमान्यांनी ते कसोशीने पाळले. भात आणि गहू सोडून जवाचे पीठ, दूध, दही यांवर ते राहिले. ब्रह्मदेशाचा उन्हाळा आणि लाकडी कोठडी सोबतीला. पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल एवढ्या सामग्रीवर १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले. जून १९१२ मध्ये पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. अखेरची भेटही नशिबात नव्हती.

जून १९१४ मध्ये सुटका झाली, ती विश्रांतीसाठी नव्हे. १९१६ मध्ये होमरूल लीग आणि लखनौ करार, १९१८ मध्ये विलायतची वारी, १९१९ च्या अखेरीस अमृतसरची काँग्रेस. आजार बरोबर घेऊनच ही धावाधाव चालली होती. जुलै १९२० मध्ये मुंबईच्या सरदारगृहात ताप आला, त्यात न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर सारे संपले.

पुढच्याच उन्हाळ्यात टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून तो रस वेगळा काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. अर्क अधिक शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा टोचला, तेव्हा मरणपंथाला लागलेला तो मुलगा सावरला. लोकमान्यांना जाऊन जेमतेम सतरा महिने झाले होते. इन्सुलिन असते तर न्यूमोनिया टळलाच असता, असे कोणी म्हणू शकणार नाही. तरी हे सतरा महिने मनाला टोचतात.

आता माझा मूर्खपणा सांगतो. हे चरित्र वाचून मला स्फुरण चढले. लोकमान्यांनी पथ्यावर निभावले, मग आपल्याला गोळ्या कशाला, असे म्हणून मी त्या परस्पर बंद केल्या. दोन महिन्यांत डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरांनी मला शाळकरी पोरासारखे झापले. मग त्यांनीच शांतपणे समजावले. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी जादा साखर आवरते, दुसरी गोळी थकलेल्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, काही नवी औषधे साखर लघवीवाटे बाहेर घालवतात. आमच्या घरी पहाटे अनशेपोटी थायरॉईडची गोळी घेतली जाते, ती ग्रंथीकडून पुरेसे न बनणारे द्रव्य बाहेरून पुरवते. पथ्य आणि चालणे या गोळ्यांच्या जोडीला हवेच. पण त्यांच्या जागी ते बसवता येत नाही.

मी चरित्र चुकीचे वाचले होते. लोकमान्यांनी औषध नाकारले नव्हते. त्यांना ते मिळालेच नव्हते. हाती जे होते, त्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. आपल्या हाती अधिक आहे.

आता त्या घरावरून जाताना मी क्षणभर थांबतो, हात जोडतो आणि परत येऊन न चुकता गोळी घेतो.